सातबाऱ्यावर नाव कुणाचं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या घरावरची अर्धी कौलं त्याने नेली. माडापोफळींचं काय झालं ते दापोली-मंडणगडाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीत वीज परत यायला सव्वा महिना लागला. फोन करायचा तर सड्यावर चढायचं, तिथेही एखादी काडी रेंज. माझा पोटाचा धंदा हर्णै बंदरातल्या होड्यांवरचे जीपीएस नि वायरलेस संच दुरुस्त करण्याचा. त्यामुळे घरात एक सोलर पॅनेल आणि होडीवरच्या दोन जुन्या बॅटऱ्या होत्या. पावसाळी ढगांतून जेवढं ऊन मिळेल त्यावर रात्री तासभर लॅपटॉप चाले.

नवव्या की दहाव्या रात्री मी एक गेम उघडायला घेतला. रोख पैसे मोजून घेतलेला, एकट्याने खेळायचा, कुणाशी जोडून घ्यायची काही गरज नसलेला. दिवसभर पडलेली झाडं तोडून बाजूला करत होतो आणि डोळे मिटले तरी तीच दिसत होती. अर्धा तास दुसरीकडे कुठेतरी जायचं होतं. पडद्यावर अक्षरं आली: इंटरनेटशी जोडणी नाही, तुमची खरेदी तपासता येत नाही, नंतर प्रयत्न करा.

दुसऱ्या दिवशी सड्यावरून चुलतभावाला फोन केला. तो पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत टेस्टर, म्हणजे गेममधले दोष शोधणारा, आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घराची, झाडांची चौकशी झाली, मग मी हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तू तो गेम घेतलाच नव्हतास. वापरायची परवानगी घेतली होतीस. अटींत लिहिलेलं असतं."

हे वाक्य आमच्या घरात नवीन नव्हतं. फक्त ते आम्ही आज्याच्या तोंडून, खोताचं म्हणून ऐकलेलं होतं.

आजा खोताचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, कूळ. भाताच्या जमिनीत अर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा खोताला, वरकसात, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, तिर्धेल, म्हणजे तिसरा वाटा, आणि खोताच्या घरी कार्य निघालं की वेठ. बांध त्याने घातले, दगड त्याने वेचले, राब त्याने भाजले. जमीन मात्र त्याची नाही, त्याला फक्त कसायची मुभा. धारा दिल्याची पावती मागितली तर खोत हसायचा म्हणे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण तहसीलदारासमोर कूळ असल्याचं दाखवायला कागद हवा, आणि कागद तर खोताने कधी दिलाच नाही. शेवटी शेजारच्या दोघांनी साक्ष दिली. आज्याचं नाव आधी सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात चढलं, मग कूळकायद्याच्या कलम ३२ ग ची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते फेडले, आणि कलम ३२ म चा मालकीचा दाखला हातात आला. आज्याला वाचता येत नव्हतं, पण ट्रंकेतल्या शंभर कागदांतून तो दाखला तो अंधारात हाताने काढून द्यायचा.

या दाखल्यामागे किती माणसं उभी होती हे मला फार उशिरा कळलं. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी शेतं नांगरायचं थांबवलं, आणि जवळजवळ सहा वर्षं थांबवलं. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईला विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्टही त्यात चालत होते. पुढे दोघांचं किती जमलं आणि किती बिघडलं हा मोठा विषय आहे, पण त्या दिवशी ते एका रस्त्यावर होते. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं.

मी हे सगळं भावाला सांगितलं. फोनवर, पुढच्या कितीतरी वेळा. मला वाटलं होतं त्याला पटेल. तो म्हणाला, "खोताने जमीन बनवली नव्हती, दादा. ती आधीपासून होती. गेम कुणीतरी बनवलेला असतो, रात्र रात्र जागून. त्यात मीपण जागतो. मग मालकी मागणारा तू कूळ कसा? उलट बनवणारा मी कूळ."

त्या दिवशी मला याचं उत्तर देता आलं नाही. त्यानंतर पाच वर्षं आम्ही यावर बोलतो आहोत.

बोलणं शनिवारी रात्री. त्याचं जेवण झालं की तो कानाला हेडफोन लावतो, माझ्या घरच्या जुन्या संगणकावर चालणाऱ्या बोलण्याच्या सर्व्हरला जोडून घेतो, आणि आम्ही ०.ए.डी. खेळायला बसतो. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला, फुकट आणि मुक्त गेम. त्यात मौर्यांचं राज्य घेता येतं, हत्ती घेता येतात. तो नेहमी मौर्य घेतो. हत्ती माझ्या भिंतीला भिडेपर्यंत आमचा वाद कुठल्या कुठे गेलेला असतो.

सुरुवातीला वाद फुकट आणि मुक्त या दोन शब्दांवर अडायचा. मला मराठीचं यात फार बरं वाटतं. इंग्रजीत या दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला आयुष्यभर समजावत बसावं लागलं, आपल्याकडे ते दोन वेगळे शब्द आहेतच. स्टॉलमनची गोष्ट एका छपाईयंत्रापासून सुरू होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तो अडायचा. आधीच्या यंत्रात यांनी स्वतः प्रोग्राम बदलून सोय केलेली होती, की कागद अडकला तर निरोप यावा. नव्या यंत्राचा प्रोग्राम मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली. समोर यंत्र आहे, हातात अक्कल आहे, आणि दुरुस्त करायला मनाई आहे. होडीवरचा बंद पडलेला जीपीएस हातात घेऊन मी या अवस्थेत कित्येकदा बसलो आहे. खलाशी बाजूला उभा असतो, भरती निघून चाललेली असते, आणि आतल्या एका चिपवरचा प्रोग्राम मला बघायला मिळत नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने सगळ्यांसाठी मुक्त संगणकप्रणाली बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो असल्याच रागातून. तो राग मला घरचा वाटतो.

भाऊ याच्यासमोर बिल गेट्सचं पत्र ठेवतो. फेब्रुवारी १९७६, गेट्स वीस वर्षांचा. हौशी संगणकवाल्यांना उद्देशून त्याने उघड पत्र लिहिलं, की आमचं बेसिक, म्हणजे संगणकाला आज्ञा द्यायच्या भाषेचा प्रोग्राम, तुम्ही बहुतेकांनी चोरून वापरलंत, यंत्राचे पैसे देता मग प्रोग्रामचे का नाही, आणि फुकटात कसबी काम करणं कुणाला परवडणार आहे. भाऊ म्हणतो, यातला शेवटचा प्रश्न मजुराचा आहे. "तुमच्या स्टॉलमनने तो कधी विचारला?"

प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं एवढंच, की गेट्सने विचारला मजुराचा प्रश्न आणि उत्तर उभं केलं मालकाचं.

जीपीएल हा स्टॉलमनचा १९८९ मधला परवाना मला सगळ्यात आधी नीट समजला तो सातबाऱ्यामुळे. परवाना म्हणतो: हा प्रोग्राम घ्या, वाचा, बदला, वाटा, हवा तर विका. पण ज्याला द्याल त्याला त्याचा मूळ मजकूरही द्या, आणि तुम्हाला मिळालेले सगळे हक्क त्यालाही द्या. पुष्कळ जण विचारतात, मुक्त म्हणता आणि अट कशी घालता? आमच्याकडे कुळाच्या जमिनीवर कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असतो. कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नसे. आज्याच्या पिढीला ती अट जाचक वाटली असेल, आजही कित्येकांना वाटते, आणि सरकारने ती पुढे सैलही केली. पण अट घातली होती त्यामागे भीती होती, की गरजेपोटी आज कूळ विकेल आणि उद्या सगळी जमीन परत एकाच्याच हातात जाईल. जीपीएलची अट त्याच भीतीतून आली आहे. १९९२ साली लिनस टॉर्व्हाल्ड्सने लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली त्या परवान्याखाली आणली, म्हणून ती आज कुणा एकाच्या नावावर नाही.

"आणि सगळ्यात जास्त कुणी वापरलं?" भाऊ विचारतो. "जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांनी. त्यांचे सगळे सर्व्हर त्याच्यावर. तुझा डावेपणा त्यांना फारच सोयीचा पडला." खरं आहे. १९९८ साली काही मंडळींनी मुक्त सॉफ्टवेअर हे नाव बाजूला ठेवून ओपन सोर्स हे नाव पुढे केलं, ते कंपन्यांना बिचकवायचं नाही म्हणूनच. स्वातंत्र्याची भाषा कमी झाली, सोयीची वाढली. मला ते आवडलेलं नाही.

डावेपणा म्हणजे काय म्हणतोस तू, असंही त्याने मला एकदा सरळ विचारलं. मी पुस्तकातलं काही सांगू शकलो नाही. मला आठवले मधू दंडवते, राजापूरचे खासदार, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले ते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम घातला. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर चढवायचा, असं त्यांचं धोरण. त्या फळीवर नंतर करोडो माणसं झोपली आणि कुणाला मंत्र्याचं नावही आठवावं लागलं नाही. माझ्या मनात डावेपणाची मोजपट्टी तीच आहे: सगळ्यात कठीण फळीवर जो झोपलाय त्याच्या पाठीखाली काही आलं का?

भाऊ म्हणाला, "मग टेट्रिस सांग."

टेट्रिसवर मी हरलो, ते मान्य केलं पाहिजे. १९८४ साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्हने तो बनवला. सरकारी यंत्रावर, सरकारी नोकरीत. हक्क गेले सोव्हिएत सरकारकडे, एलोर्ग नावाच्या सरकारी संस्थेकडे. निन्टेन्डोच्या गेमबॉयमधून तो घराघरांत पोचला, पैशांचा पूर आला, आणि बनवणाऱ्याला त्यातला वाटा मिळायला १९९६ उजाडावं लागलं. तोवर सोव्हिएत युनियनच उरलं नव्हतं. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या राज्यात कामगार कूळच राहिला, खोत फक्त सरकार झालं. माझ्या ओळखीतले काही डावे लोक यावर लगेच अमेरिकेचं उदाहरण काढतात आणि विषय संपवतात. मला ते बरं वाटत नाही. आपल्या घरातली गोष्ट आधी आपण बोलावी.

पण अमेरिकेचं उदाहरणही आहेच, आणि ते भावाच्या कामाशी जास्त जवळचं आहे. अटारी कंपनीत गेम बनवणाऱ्यांची नावं डब्यावर छापत नसत. वॉरेन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने त्याच्या अॅडव्हेंचर या गेममध्ये एक छुपी खोली केली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं, कंपनीला न सांगता. भावाने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, हे तर इतर हक्कात नाव लावणं झालं. अटारीतलेच चार जण १९७९ मध्ये बाहेर पडले. आमच्या गेमवर कंपनी एवढं कमावते आणि आम्हाला ना नाव ना वाटा, ही त्यांची तक्रार. त्यांनी काढलेली कंपनी अॅक्टिव्हिजन. पुढे ती प्रचंड वाढली. तिच्याच छत्राखालच्या रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओत डिसेंबर २०२१ मध्ये टेस्टरांनी संप केला, कारण त्यांच्यातल्या कंत्राटी सहकाऱ्यांना काढायचं ठरलं होतं. मे २०२२ मध्ये त्यांनी युनियनसाठी मत टाकलं, १९ विरुद्ध ३. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सगळी अॅक्टिव्हिजन साधारण ६९ अब्ज डॉलरला घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमच्या विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं.

टेस्टर. भावाचंच काम. एका भिंतीला गेममध्ये तीनशे वेळा धडकून बघायचं, की माणूस आरपार तर जात नाही ना. गेम बाजारात आला की श्रेयनामावलीत त्याचं नाव कधी असतं, कधी नसतं. तो कंपनीच्या पटावर नाही, कंत्राटदाराच्या आहे. १९ विरुद्ध ३ ची बातमी मीच त्याला वाचून दाखवली होती, फार उत्साहाने. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तिथे संप करणाऱ्यांचा घरहप्ता कोण भरत होतं?"

हा प्रश्न मी बाबांना विचारला. बाबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात ते. संप रीतसर कुणी मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो विरत गेला. काही महिन्यांनी बाबा गावी आले ते परत गेले नाहीत. बाबा या विषयावर सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, "संप दत्ता सामंतांनी केला असं लोक बोलतात. आपल्या घरात तो तुझ्या आज्याच्या भाताने चालवला. खोताची जमीन असती तर दुसऱ्या महिन्याला मी गेटवर हात जोडून उभा असतो." मग जरा थांबून, "तरी हरलोच. पण हात नाय जोडले."

त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर चरीचा संप, कूळकायदा, ३२ म चा दाखला आणि गिरणीचा संप हे माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होते. कुणीतरी सहा वर्षं शेत पडीक ठेवलं, म्हणून वीस वर्षांनी आज्याच्या नावावर जमीन झाली, म्हणून पंचवीस वर्षांनी बाबांना मालकासमोर उभं राहता आलं. गिरणीच्या जमिनीवर आज टॉवर आहेत आणि तिथे बाबांचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. आमच्या चार तुकड्यांवर आहे.

भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मला कुठला भात?"

आणि इथे मला वाटतं आमचा वाद खऱ्या जागी आला. माझ्या हातात गेम राहतो की नाही हा प्रश्न मी लहान मानत नाही. युबिसॉफ्ट या कंपनीने द क्रू हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला, तेव्हा ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्या सगळ्यांच्या हातून तो गेला. डबा घरात, पावती घरात, आणि गेम नाही. रॉस स्कॉट नावाच्या माणसाने त्यावरून मोहीम काढली, की कंपनीने गेम सोडून द्यायचा तर चालू राहील अशा अवस्थेत सोडावा. युरोपात तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की डिजिटल दुकानाने खरेदीचं बटण दाखवताना तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगावं. चांगलं आहे. निदान खोत आता पावतीवर खरं लिहितो. पण यात गेम घेणारा आला. भिंतीला तीनशे वेळा धडकणारा यात कुठेच नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरणाऱ्याला कूळ मानलं आणि त्याच्यासाठी फार मोठा कायदा लिहिला. बनवणाऱ्याच्या भाताचं तिने काही लिहिलं नाही.

त्याची किंमत आपण अधूनमधून मोजतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. इंटरनेटवरच्या गुप्त देवाणघेवाणीचा मोठा भाग ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रामवर चालत होता, आणि त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. मार्च २०२४ मध्ये त्याहून भयंकर प्रकार थोडक्यात टळला. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी छोटी सोय, एक थकलेला माणूस अनेक वर्षं एकट्याने सांभाळत होता. कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्याला मदत करत विश्वास कमावला आणि आत चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि त्याने तो सोडला नाही, म्हणून ती सापडली.

आमच्या गावात पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाट येतो. भात कापून झालं की पऱ्याला दगडमातीचा बांध घालायचा, पाट उपसायचा, पडलेली दरड काढायची, मग पाणी पोफळींना नि वालाच्या शेतांना पाळीपाळीने. आजा सांगायचा तेव्हा घरटी एक माणूस यायचा, चाळीसेक माणसं, दोन दिवसांत काम. आता बहुतेक घरांना कुलुपं. गेल्या कार्तिकात आम्ही सात जण होतो, त्यातले चार साठीच्या पुढचे. पाणी मात्र सगळ्यांच्याच बागेत जातं, मुंबईवाल्यांच्याही, आणि जायलाही हवं. पण कंबर ज्यांची मोडते ती त्याच सातांची. हार्टब्लीडची गोष्ट मी भावाला याच शब्दांत सांगितली, आणि त्या एका शनिवारी आमचा वाद झाला नाही.

पाटाचं कौतुक करताना मला एक अडखळायला होतं, तेही सांगायला हवं. सगळ्यांचं पाणी असं आपण म्हणतो त्या सगळ्यांत कोण धरलेलं असतं? महाड आमच्यापासून फार लांब नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागद अगदी स्वच्छ होता. आणि २० मार्च १९२७ पर्यंत त्या कागदावर विसंबून एकाही अस्पृश्य माणसाला ओंजळ भरता आली नाही. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा ती भरली गेली, आणि वर येताना लोकांनी मारही खाल्ला. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला आणखी दहा वर्षं गेली.

हे मला ज्या मुलामुळे आठवलं तो बारा वर्षांचा आहे. शाळेने मोडीत काढलेले चार लॅपटॉप मी आणले, त्यांवर लिनक्स घातलं, आणि पडवीत वाडीतल्या मुलांसाठी लुआंटी सुरू केला. तोही मुक्त, ठोकळ्यांचं जग बांधायचा. माझ्या घरच्या यंत्रावर त्यांचं एकच जग आहे आणि त्यात गेली दोन वर्षं मुलं सुवर्णदुर्ग बांधतायत, हर्णैच्या धक्क्यावरून दिसतो तसा. गोवा किल्लाही झालाय. एका सुट्टीत या मुलाने डोंगरातल्या झऱ्याभोवती संरक्षणाचा ठोकळा बसवला. तो बसवला की दुसऱ्या कुणाला तिथे काही हलवता येत नाही. मग खालच्या शेतांना पाणी हवं असेल तर त्याला दगड नाहीतर लाकूड आणून द्यायचं. चार दिवसांत त्याच्याकडे सगळ्यात मोठं घर झालं. वाईट मुलगा नाही तो. त्याला गेमने सोय दिली, त्याने वापरली.

मला एका कळीवर ते काढता आलं असतं. तसं केलं असतं तर मी तिथला सरकार झालो असतो, एलोर्गसारखा. मी मुलांनाच विचारलं. मोठी भांडणं झाली. एक मुलगी काहीच बोलत नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, मला झरा बंद होता हेच माहीत नव्हतं, मी संध्याकाळी नसतेच. संध्याकाळी ती आईबरोबर पाणी भरायला जाते, खऱ्या विहिरीवर. जग सगळ्यांना खुलं होतं, पासवर्ड तिच्याकडेही होता, आणि तिला ती वेळच नव्हती. आणि वर सूचना सगळ्या इंग्रजीत यायच्या, त्या वाचू शकणारी दोनच मुलं, त्यातला एक झरेवाला. मी मुक्त परवान्याच्या चार स्वातंत्र्यांवर भावाला तास तास ऐकवलं होतं. माझ्याच पडवीतलं तळं मला दिसलं नव्हतं.

आता रविवारी सकाळीही लॅपटॉप लावतो. सूचनांच्या मराठी भाषांतरात भर घालायला घेतली आहे. मुलीच शब्द सुचवतात, माझ्यापेक्षा बरे सुचवतात. झऱ्याचं मुलांनी ठरवलं, की ठोकळा काढायचा आणि पाटाची पाळी लावायची.

यंदा गणपतीला भाऊ आला. पाच दिवसांतले दोन त्याने पडवीत काढले. सवयच त्याची. सुवर्णदुर्गाच्या तटाला तो धडकत राहिला आणि एका बुरुजात आरपार जाणारी जागा शोधून काढली. मुलांना त्याने दोष कसा नोंदवायचा ते शिकवलं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. रात्री आरत्या झाल्यावर मी त्याला म्हटलं, या कामाचे तुला कुणी पैसे देणार नाही. तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणूनच तर भांडतो तुझ्याशी." पुण्यात त्यांच्यातले सहा जण दर महिन्याला भेटायला लागलेत, एवढं त्याने सांगितलं. अजून युनियन वगैरे शब्द कुणी काढलेला नाही. सहा जणांनी मिळून थोडे थोडे पैसे बाजूला टाकायला मात्र सुरुवात केली आहे. कुणाचं कंत्राट तुटलं तर दोन महिन्यांचं भाडं निघावं म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा पडवीत येऊन बसले. एरवी ते यात लक्ष घालत नाहीत. बराच वेळ त्यांनी ठोकळ्यांचा किल्ला, धक्का, झरा, खालची शेतं बघितली. मग झरेवाल्या मुलाला विचारलं, "याचा सातबारा कुणाच्या नावावर?"

"सगळ्यांची नावं फायलीत आहेत, आजोबा. तुमचं टाकू?"

"थांब. आधी सांग, पाट कोण उपसतं?"

मुलाने भिंतीकडे बघितलं. तिथे वहीच्या कागदावर पाळ्या लिहून लावलेल्या आहेत, पाटाच्याही आणि दर शनिवारी सगळ्या जगाची एक प्रत काढून ठेवण्याच्याही. त्याने बोट ठेवून ओळ शोधली.

"या शनिवारी माझी," तो म्हणाला.